सुवर्णाच्या हातातला ठसा

मी जयपूरजवळच्या बगरू गावचा, कापडावर छपाई करायचा ठसा बोलतोय. शिसवी लाकडाचा, पाठीला मूठ, पोटावर कोरलेलं झेंडूचं फूल. आणि खरं सांगू का, सध्या मी फार घाबरलोय.

सुवर्णाने मला आणलं त्याला सहा वर्षं झाली. तिचा नवरा, उत्तम, रेल्वेत नोकरीला, बदली होऊन जयपूरला आलेला. क्वार्टरमध्ये दिवसभर करायचं काय, म्हणून बाई छपाई शिकल्या. मला रंगात टेकवायचं, कापडावर ठेवायचं आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने मुठीवर दणका द्यायचा. बगरूचे कारागीर हाताला जाड चिंधी गुंडाळतात. हिने नाही गुंडाळली. "ठसा बसला की नाही, हाताला कळायला नको?" म्हणायची. मला कौतुक वाटायचं. मूर्खच मी.

यंदा दिवाळीनंतर तिच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या. हात झटकायची, पुन्हा मला उचलायची. एका दुपारी मी हातातून सुटलो आणि पांढऱ्या ओढणीवर आडवा पडलो. डागाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिच्या वडिलांचा अर्धांगवायू असाच, हाताच्या मुंग्यांपासून सुरू झाला होता.

लेकीच्या, अवनीच्या ते लक्षात आलं. "मम्मी, मतलब तू पप्पांना सांगितलंच नाहीस?"

"सांगितलं की खरं होईल गं."

अवनीने तिला दवाखान्यात नेलं, दाखवायला मलाही पिशवीत घालून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, करंगळीला मुंग्या येतात? जीभ अडखळते? नाही, नाही. साखर, थायरॉईड, बी-बारा तपासायला सांगितलं. मग मनगट वाकवून धरलं, तर मिनिटभरात बोटं बधिर.

"लकवा नहीं लगता. कलाई में नस दब रही है. ठप्पा मारती कैसे हैं आप?"

सुवर्णाने टेबलावर मला ठेवून दणका देऊन दाखवला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला लपायला जागा नव्हती.

दीड महिना मनगटाला पट्टा, छपाई बंद. नाही ऐकलं तर बोटांतली ताकद जाईल, परत येईलच असं नाही. हे ऐकूनही सुवर्णा हसली. अर्धांगवायू नाही, एवढंच तिने ऐकलं.

आजवर मला भीती एकच होती, माळ्यावर टाकतील आणि वाळवी खाईल. आज पाचवा दिवस. पट्टा सोडून खिडकीत ठेवलाय. रंगाचं भांडं उघडलंय.

"एकच ओढणी," ती पुटपुटतेय.

बाई, मला माळ्यावर टाक. वाळवी लागली तरी चालेल. पण माझ्या मुठीला हात लावू नकोस.