इत्तोचे तीन
सरकारनं घड्याळ एक तास पुढे करून वर्षं लोटली, पण आमचं डोंगरातलं गाव सरकारचं ऐकेल तर शपथ! शाळा तेवढी नव्या वेळेवर. शेळ्या, जेवणं आणि शहराकडे जाणारी दिवसाची एकुलती एक गाडी, सगळं जुन्या वेळेवर.

त्या दिवशी शाळा निरीक्षक बूशैब साहेब माझा घड्याळाचा पाठ बघायला आले. ते हो म्हणाले तरच माझी उस्ताजाची, म्हणजे शिक्षिकेची, नोकरी कायम होणार होती. दोन हिवाळे शाळेच्या शेगडीतल्या ओल्या लाकडांचा धूर खाल्ला होता मी, ही नोकरी मला हवीच होती.

भिंतीवर दहा वाजले होते. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या इत्तोला विचारलं, "किती वाजले गं?"

"नऊ."

"नीट बघ."

"बघितलं की! घड्याळात दहा आहेत. पण वाजलेत नऊ."

"नऊच!" सगळा वर्ग ओरडला.

"वेळ एकच असते, सरकारी!" साहेब कडाडले. "यापुढे मला कुणी जुनी वेळ सांगायची नाही. उस्ताजा, हेच शिकवता का पोरांना?"

मी खडू उचलला आणि सुट्टी होईपर्यंत पोरांकडून एकच घोकून घेतलं, जुन्या वेळेत एक मिळवायचा.

दुपारी साहेबांना इत्तोच्या घरी एक वाजता जेवण होतं. ते सरकारी एकच्या ठोक्याला हजर. इत्तोची आई फादमा अजून कणीकच मळत होती.

"अगंबाई, इतक्या लवकर? सकाळपासून उपाशी दिसताय!"

साहेबांनी तासभर पुदिन्याच्या चहावर काढला. तेव्हा कुठे त्यांना गावाची रीत कळली. निदान त्यांना तसं वाटलं. मी मोठ्या मुलांच्या वर्गासाठी शाळेतच होते, हे सगळं फादमानं नंतर सांगितलं.

जेवण झाल्यावर साहेबांनी इत्तोला विचारलं, "गाडी कितीला?"

"तीनला."

"म्हणजे आपल्या चारला," साहेब हसले. "आता नाही फसत मी!" आणि उशी ओढून घोरू लागले.

गाडी गेली तेव्हा मी खिडकीत होते. भोंगा ऐकून उठलेले साहेब मागून धावत होते, एका पायात बूट, दुसरा हातात. मग तसेच ते शाळेच्या पायरीवर येऊन बसले. मागोमाग इत्तो.

"तीन म्हणालीस ना गं तू?"

"मग तीनलाच गेली की. गावच्या दोनला जाते, मी एक मिळवला. जुनी वेळ सांगायची नाही, तुम्हीच तर म्हणालात."

साहेबांनी बोटांवर हिशोब केला. पुन्हा केला. "उस्ताजा," ते हळूच म्हणाले, "सकाळी हिला हे येत नव्हतं."

"नव्हतं, साहेब."

"आता येतं. मलाच येत नाही. तुमची नोकरी कायम समजा, आणि मला रात्री कुठेतरी टेकायला जागा बघा."

मला तिथेच रडू फुटलं. इत्तो घाबरली. माझा हात धरून म्हणाली, "उस्ताजा, चुकलं का माझं?"