महाराजांचं तीर्थ आणि म्हसोबाची माती

मुरगूडजवळच्या त्या गावात अमावस्या आली की मठापुढं पाय ठेवायला जागा उरत नसे. भूमीनाथ महाराज काचेच्या झारीतून तीर्थाचे चार थेंब टाकत आणि कुणी रानातून आणून ताटात ठेवलेली ओंजळभर माती चर्र करून फेसाळून उठे. बायका तोंडाला पदर लावत, गडी टोप्या काढत.

"भूमाता रुसली आहे!" महाराज डोळे मिटून सांगत. "कसशील तर घर बसेल. रान मठाच्या चरणी वाहा आणि मोकळी हो!"

दोघांनी आपली रानं वाहिलीही होती. नवल एवढंच, की बाधा नेमकी डांबरी रस्त्याकडेच्या रानांना व्हायची. आडबाजूच्या रानांची माती महाराज नुसती हुंगून परत देत.

आज पाळी चिमणाबाईची होती. नवऱ्यामागं वीस वर्षं एकटीनं कसलेलं दोन एकर रान, त्यातला ऊस यंदा पिवळा पडला आणि बाईचा धीर सुटला. माती फेसाळली, रान मठाला दिल्याचा कागद पुढं आला, अंगठ्यासाठी शाईचा पॅड उघडला. तिची भाची पूर्णिमा गर्दीतून वाट काढत पुढं घुसली. ती कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती. बातमी कळल्यावर पहिल्या एस्टीनं निघाली होती आणि उतरल्यावर आधी रानात जाऊन आली होती.

"आत्ती, अंगठा देऊ नगंस!"

"गप ए पोरी. माती उकळताना माझ्या डोळ्यांनी बघिटली न्हवं."

"माती कुठली आणलीस?"

"महाराजांनी सांगितली तिथली. बांधावरच्या म्हसोबाच्या पायथ्याची. देवाची माती शुद्ध असती की!"

पूर्णिमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्या वर्षी तिनंही बांधावरची माती तपासायला नेली होती आणि सरांनी ती पिशवी सगळ्या वर्गासमोर परत केली होती. नमुना घ्यायचा तो रानाच्या मधून, बांधापासून लांब. आणि म्हसोबाच्या कट्ट्याला तर दर जत्रेला चुना फासतात. त्याचे पोपडे वर्षानुवर्षं त्याच मातीत पडत आलेले.

तिनं मघाशी रानातून पिशवीत भरून आणलेली माती पुढं धरली. "महाराज, ही आत्तीच्या उसातली. टाका हिच्यावर."

"अपवित्र माती! विटाळ होईल!"

"आवं, टाका की," आण्णा म्हणाला. आपलं रान मठाला वाहिलेल्या दोघांतला तो एक. "व्हऊ दे खात्री."

थेंब पडले. माती ओली झाली, बस्स. फेस नाही, चर्र नाही.

"तीर्थ हाय न्हवं?" पूर्णिमाचा आवाज आता मठाबाहेर ऐकू जात होता. "मग घोटभर घ्या बघू!"

महाराजांचा हात मागं गेला. तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं, की या मठात तीर्थ आजवर कुणाच्या तळहातावर पडलंच नव्हतं. पूर्णिमानं झारी ओढून घेतली आणि मठाच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर धार सोडली. भिंत चर्र करून फेसाळली.

"आमच्या कॉलेजात असलंच आम्ल रोज वापरतोय, मातीत चुनखडी हाय का बघायला. चुन्यावर पडलं की फेस येतोच. आत्ती, तुझ्या उसात पाणी तुंबलंय, मुळं गुदमरल्यात. चर काढ, पाणी वाहू दे. रानाला दुसरं काय बी झाल्यालं न्हाय."

चिमणाबाई फेसाकडं बघत राहिली. मग तिनं कागद उचलला, उभा आडवा फाडला आणि म्हणाली, "महाराज, आता तुमच्या मठालाच बाधा झाली म्हणायची. सोडा की मठ!"

हशा पिकला. पण आण्णा हसला नाही. तो पुढं झाला आणि महाराजांच्या समोर हात पसरून उभा राहिला. "माझा कागद आणा. आत्ताच्या आत्ता."

देवाला हात जोडणाऱ्यांशी आपलं भांडण नाही. पण देवाच्या नावानं कुणी तुमचं रान मागितलं, तर आधी प्रश्न विचारा आणि माती दुसरीकडं तपासून घ्या. अंगठा उठल्यावर शहाणपण येऊन उपयोग नाही.