सात नंबरचा माणूस

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये फोटोक्लबातली आठ-दहा शहाणी माणसं एकमेकांचे फोटो बघायला जमतात. फोटो काळे-पांढरेच हवेत, हा पहिला नियम. रंग काढला की कचऱ्याच्या डब्यालाही तत्त्वज्ञान चढतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे. पायऱ्या, पायऱ्यांवरच्या सावल्या, सुरकुतलेले हात, रिकाम्या खुर्च्या. इतक्या रिकाम्या खुर्च्या बघून बघून मला आता भरलेली खुर्ची दिसली की बरं वाटतं. आणि या मंडळींना शहाणपण शिकवायला बसतात ते आमचे हे.

ह्यांनी एका वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये जन्मभर दुसऱ्यांनी काढलेले फोटो छापले. लग्न झालं तसं घरातली मागची बाथरूमही बळकावली, तिची खिडकी पुठ्ठ्यानं बंद केली आणि तिलाही डार्करूम म्हणायला लागले. आत यायची मला बंदी. माझं काम बाहेर, जेवणाच्या टेबलावर. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. तो केसाएवढ्या ब्रशनं, शेजारच्या करड्या रंगाशी रंग जुळवून बुजवायचा. याला डाग भरणं म्हणतात. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं मी ह्यांचे डाग भरतेय. "बरं झालंय" असं एकदाही म्हणाले नाहीत. राहिलेला ठिपका मात्र ह्यांना पलीकडच्या खोलीतून दिसतो.

दोन वर्षांपूर्वी मी एकदा म्हटलं, "मलाही एखादा फोटो छापून बघायचाय."

"तुला काय कळतं त्यातलं?" हे म्हणाले. "तू आपले डाग भर."

मी गुपचूप ह्यांचा जुना कॅमेरा कपाटातून काढला आणि शिकले. हे परगावी स्पर्धेचं परीक्षण करायला गेले की मी बाथरूमचा ताबा घेई. रसायनं कशी कालवायची हे मला कोणाकडून शिकावं लागलं नाही. दाराबाहेर बसून ह्यांची बडबड आयुष्यभर ऐकलीच होती.

हे सगळं फक्त माझ्या थोरल्या बहिणीला ठाऊक. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, मागे बिनखिडकीची एक खोली, खोलीत नळ. ती कधीपासून मागे लागली होती, "उचल तुझे रसायनांचे ट्रे आणि ये इकडे. त्या माणसापुढे काय तोंड वेंगाडतेस?" शेवटी मी तिला सांगितलं, की माझा एक फोटो क्लबात देते. ह्यांना माझं नाव माहीत नसताना ह्यांच्या तोंडून एक खरं चांगलं वाक्य निघालं, तर मी घरात ताठ मानेनं डार्करूमची किल्ली मागेन. नाही निघालं, तर ट्रे तुझ्याकडे.

"एका वाक्यासाठी?" बहीण म्हणाली. "भिकेचे डोहाळे म्हणतात ते हेच."

असेल. पण मला ते वाक्य हवं होतं. लाज वाटावी इतकं हवं होतं.

आता क्लबाची पद्धत सांगते. फोटोवर नाव नसतं, नुसता नंबर. क्लबाचे सेक्रेटरी दंतवैद्य आहेत. पाकिटं त्यांच्याकडे द्यायची. ह्यांनी प्रत्येक फोटोवर आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक खोट, मग उपाय. त्यानंतर ज्याचा फोटो त्यानं उभं राहून "सूचना मान्य" म्हणायचं. हा नियम दंतवैद्यांनी मुद्दाम केला, कारण ह्यांनी एका शिक्षिकाबाईंना भर सभेत रडवलं होतं. पण नियम पाळतील तर हे कसले! चांगलं म्हणून काय सांगतात? "कागद उत्तम कंपनीचा आहे." "नंबर ठळक लिहिलाय." एकाला तर म्हणाले, "फोटो जाड आहे, पंख्यानं उडणार नाही." लोक हसतात. हसतात म्हणून हे आणखी चेकाळतात.

त्या रविवारी मी नेहमीसारखी पुढे, स्टँडपाशी होते. फोटो लावायचा, काढायचा, हे माझं काम. मी तिथे असते हे कोणाच्या लक्षातही नसतं. सहावा फोटो धुक्यातल्या कुत्र्याचा होता. हे म्हणाले, "चांगली गोष्ट, कुत्रा हलला नाही. खोट, फोटोग्राफर हलला." तो काढला आणि मी सात नंबर लावला.

फोटो असा होता: बाथरूमचं बेसिन, काठोकाठ पाणी, पाण्यात तरंगणारे दोन-तीन प्रिंट, नळाखाली फुटलेला उजेड. आणि बेसिनवर ओणवा झालेला एक माणूस. प्रिंट धुवायला आत दिवा लागला, तेव्हा मी स्टुलावर चढून दारावरच्या झडपेतून घेतला होता, त्यामुळे त्याचा चेहरा नाही. पाठ, खांदे आणि डोक्याचा माथा. माथ्याला बशीएवढं टक्कल.

दंतवैद्यांनी फोटोकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. ह्यांच्या मागे बसून बसून त्या सगळ्यांना तो माथा तोंडपाठ होता. ठाऊक नव्हता तो एकट्या ह्यांनाच. पुढून केस दाट आहेत आणि हे आरशात पुढूनच बघतात. झडपेच्या उंचीवरून स्वतःचं बेसिनही ह्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"हं," हे म्हणाले आणि उठून जवळ आले. एवढं उठून जवळ कधी येत नाहीत.

"आधी खोट सांगतो. हा माणूस. काय आहे हा? वर टकलावर उजेड पडून पांढरं फटक झालंय, डोळा सारखा तिथेच जातो. आणि बघा, चिमटा न घेता बोटांनी प्रिंट धरलेत. मी शंभरदा सांगतो, बोटं लावू नका. पण नवशिके ते नवशिकेच! पाठीला पोक काढून उभा आहे, जसा काही साऱ्या जगाचा भार ह्याच्याच डोक्यावर."

मागच्या रांगेतली शिक्षिकाबाई रुमाल तोंडाशी धरून बसली होती. या खेपेला ती रडत नव्हती.

मग ह्यांनी काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढले. कुठे कात्री लावावी हे दाखवायचं ह्यांचं ते हत्यार. ते फोटोवर सरकवत सरकवत ह्यांनी माणूस आधी कमरेपर्यंत झाकला, मग खांद्यापर्यंत, मग पुरता. पुठ्ठ्यांच्या मधे फक्त पाणी राहिलं, प्रिंटांच्या ओल्या कडा आणि नळाचा उजेड.

हे नाक फोटोला टेकेल इतके वाकले.

"आता बघा," मग हळूच म्हणाले. मी इतका हळू आवाज ह्यांचा ऐकला नव्हता. "आता फोटो झाला. पाण्यातला हा करडा बघा. असा करडा मला स्वतःला चार-पाच वेळाच साधलाय. आणि डाग कसे भरलेत, शोधून सापडत नाहीत. ज्यानं काढलाय त्याला नजर आहे. उपाय एवढाच, हा माणूस काढून टाका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू? एका वाक्याची भीक मागितली होती, ओंजळभर मिळालं. त्या क्षणी मला ह्यांचं टक्कलसुद्धा गोड वाटलं.

"कोणाचा हा?" हे मंडळींकडे वळून म्हणाले. "उभे राहा, लाजता काय?"

मी उभीच होते. "माझा," म्हटलं. "सूचना मान्य."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुझा म्हणजे? काढून कोणी दिला?"

"मीच काढला. मीच छापला."

"फोकस कोणी लावला? डॉक्टरांनी?" दंतवैद्यांनी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. हे कसनुसं हसले. "मग लागला असेल चुकून. बोलाफुलाला गाठ पडते, असं होतं कधी कधी. आणि नीट बघितलं तर करडाही जरा मळकटच आहे."

संपलं. मिनिटभरसुद्धा टिकलं नाही. जे मला न ओळखता दिलं, ते ओळखल्याबरोबर काढून घेतलं. राग आला, पण त्याहून जास्त आली ती कीव. एवढा मोठा पारखी, आणि पारख कशाची, तर समोर उभं कोण आहे याची!

"आणि हा माणूस तरी कोण आणलास?" हे म्हणाले.

मी नुसती ह्यांच्या माथ्याकडे पाहत राहिले. माझी नजर कुठे आहे हे कळायला ह्यांना थोडा वेळ लागला. मग ह्यांचा हात हळूहळू वर गेला, केसांवरून मागे सरकला आणि माथ्यावर जाऊन थांबला.

"आठ नंबर," दंतवैद्य घाईनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझे तीन ट्रे, कॅमेरा आणि माझा ब्रश घेऊन बहिणीकडे गेले. तिच्या बिनखिडकीच्या खोलीत सात नंबर पुन्हा छापला. ह्यांनी पुठ्ठे जिथे धरले होते, अगदी तिथे कापून. एकतीस वर्षांत ह्यांचा सल्ला मी पहिल्यांदाच पुरता पाळला. खरं सांगायचं तर सल्ला चोख होता. फोटो आता वाचनालयाच्या जिन्यात लावलाय, आणि खाली माझं नाव आहे.

रात्री जेवायला मी घरीच असते. दिवस माझा बहिणीच्या मागच्या खोलीत जातो. असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी सहा-सात प्रिंट घेऊन टेबलापाशी आले. सगळ्यांवर पांढरे ठिपके.

"हे पुढच्या रविवारी दाखवायचेत," म्हणाले. "डाग भरायचेत."

मी चपला घालत होते. घालून झाल्या, मग प्रिंट नीट पाहिले आणि क्लबाचा नियम पाळला.

"चांगली गोष्ट," मी म्हटलं, "कागद उत्तम कंपनीचा आहे. खोट तुम्हाला दिसतेच आहे. उपाय, नवीन ब्रश आणा. माझा मी घेऊन गेलेय."