लांब व्हॉल्व्ह

धाकट्याने विमान धावपट्टीच्या टोकाशी नेलं, तेव्हा त्याची थोरली बहीण हँगरमध्ये हात पुसत स्वतःवरच खूश होती. विमान उडवायचा तो, दुरुस्त करायची ती. तेल बदलायचं म्हणजे इंजिनाच्या तळाचा प्लग काढायचा आणि कोपरापर्यंत काळं व्हायचं, ही वर्षानुवर्षांची कटकट तिने आज संपवली होती. प्लगच्या जागी नवा व्हॉल्व्ह बसवला, वॉशर घातला, सैल होऊ नये म्हणून तार पिळून घेतली, इंजिन चालवून पाहिलं. थेंबभरही गळती नाही. यापुढे व्हॉल्व्ह खालून दाबला की तेल आपलं आपण बादलीत.

रिकामं खोकं टाकायला उचललं आणि त्यावरची अक्षरं तिने पुन्हा वाचली. खोकं लांब व्हॉल्व्हचं होतं. तो शेजारच्या विमानाचा, ज्याची चाकं कायम खालीच असतात. धाकट्याच्या विमानाचं पुढचं चाक मात्र उडाल्यावर दुमडून थेट इंजिनाखाली येतं. त्याला आखूडच हवा. जमिनीवर चाक खाली, म्हणून सगळं कसं झकास दिसलं होतं! वर गेल्यावर तेच चाक व्हॉल्व्ह दाबणार, सगळं तेल सांडणार आणि इंजिन बंद पडणार. वीस वर्षांचा अनुभव, म्हणे!

विमान धावू लागलं होतं. तिने झडप घालून टेबलावरचा वायरलेस उचलला.

"चाक वर घेऊ नकोस. एक फेरी मार आणि खाली ये, बाळा."

विमानाने जमीन सोडली. ती चाकावर डोळे लावून उभी राहिली. चाक खालीच राहिलं. तसंच विमान वळलं, फेरी पुरी झाली आणि ते अलगद टेकलं.

मग खात्री करायला दोघांनी विमान जॅकवर चढवलं. ती खाली वाकली, धाकट्याने आत बसून चाक वर घेतलं. चाक व्हॉल्व्हला भिडलं आणि कोमट तेलाची धार थेट तिच्या खांद्यावर आली. तिला बाजूला व्हायचंही सुचलं नाही. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

धाकटा उतरून त्या तेलाकडे बघतच राहिला.

"बरं झालं ऐकलंस," ती नाक ओढत म्हणाली. "एरवी कुठे ऐकतोस माझं?"

"एरवी तू खेकसतेस गं, ताई. आज बाळा म्हणालीस. माझे हातपायच गार पडले. चाकाच्या खटक्याला हात लावायची हिंमतच झाली नाही."