जटामांसीची पोती

हडपसरच्या माळावर लढाई झाली आणि जिंकलेली फौज लुटीसाठी पुण्यात घुसली. बुधवार पेठेतल्या दत्तोबांनी आपल्या काष्ठौषधीच्या दुकानाला आतून अडसर घातला. आत ते आणि त्यांची बायको तुळजाबाई, दोघंच होती. हिमालयातून गोसाव्यांनी आणलेली जटामांसीची पोती भिंतीशी रचलेली होती. झोप न येणारे, फेफरं येणारे, केस गळणारे, सगळे हीच मुळी न्यायला दत्तोबांकडे येत.

भर दुपारी दार फुटलं. दोन शिपाई आत शिरले.

"सोनं कुठं हाय?" त्यांच्यातल्या धिप्पाड शिपायानं विचारलं.

"सोनं नाही. औषधं आहेत."

त्यानं तलवारीनं पोती फाडली. केसाळ, काळपट मुळ्या जमिनीवर सांडल्या, उग्र मातकट वास कोंदला. सोनं निघेना तसा तो पिसाळला. दुकानामागच्या घरातल्या चुलीतली गरम राख त्यानं घोड्याला दाणा चारायच्या तोबऱ्यात भरली आणि तो तोबरा दत्तोबांच्या तोंडाला बांधला. दुसऱ्यानं त्यांची पाठ बुक्क्यांनी बडवायला सुरुवात केली. श्वास घेतला की राख छातीत जाई.

"सोडा हो त्यांना!" तुळजाबाई धावली. धिप्पाड शिपायानं तिचे केस धरून डोकं उंबऱ्यावर आपटलं.

दत्तोबांनी हिसडा देऊन तोबरा ओढून काढला. डोळ्यांपुढं अंधार होता. हाताला खलातला लोखंडी बत्ता लागला. पहिल्याच घावात धिप्पाड शिपाई कोसळला. दुसरा पळाला. दत्तोबा पडलेल्याला मारतच राहिले. कवटी फुटली, रक्त मुळ्यांवर उडालं.

"अहो, पुरे! मेला तो!" तुळजाबाईनं हात धरला. दत्तोबांनी बत्ता तिच्यावरही उगारला. मग तिच्या कपाळावरचं रक्त त्यांना दिसलं.

पळालेला शिपाई माणसं घेऊन परतायच्या आत दोघांनी घर सोडलं आणि लोणी काळभोरला तुळजाबाईचं माहेर गाठलं. तिथं दत्तोबांना झोप येईना. डोळा लागला की ते ओरडत उठत. तुळजाबाई निघताना पदरात बांधून आणलेल्या जटामांसीचा काढा देई, डोक्यावर तेल घाली.

एकदा तेल घालताना तिची बोटं थबकली. दत्तोबांनी हात नुसता वर केला होता.

"तुला माझी भीती वाटते?"

"वाटते."

तिनं पुन्हा वाटीत बोटं बुडवली.

"मान खाली करा," ती म्हणाली.