कणकेचा घास

ऐका हो, मी तीनशे पंधराची रायफल बोलतेय. वजन चांगलं साडेतीन किलो, आणि आवाज असा, की गंगापूरच्या शिवारात एकदा कडाडले तर तीन वस्त्यांवरची कुत्री भुंकत सुटतात. बढाई मारतेय म्हणा हवं तर. बंदुकीनं नाही मारायची तर कुणी मारायची?

सरकारी कारखान्यात घडले आणि शहरातल्या एका दुकानात येऊन पडले. चाळीस वर्षांपूर्वी नानासाहेब तिथं आले. तेव्हा तिशीतला गडी, खिशात पीक राखायचा परवाना. दुकानदारानं आधी बारा बोअर दाखवली.

"नको. छर्रे पांगतात, लांबचं हरीण नुसतं जखमी होऊन पळतं."

मग बावीसची आली. "ही लई बारीक. जनावर तडफडतं. एका गोळीत काम व्हायला पायजे."

मग त्यांनी मला उचललं, खांद्याला लावलं, आणि मी तिथंच त्यांची झाले. दुकानदार म्हणाला, "मालक, हरणाच्या शिकारीला बंदी आहे." नानासाहेब म्हणाले, "मग हवेत उडवू. पण घ्यायची तर हीच."

आणि चाळीस वर्षं खरंच हवेत उडवली की मला. हरभऱ्यात कळप शिरला की आभाळाकडं तोंड करून एक बार, बस्स. मला मात्र एकदा तरी समोर बघून उडायचं होतं. त्यासाठीच तर एवढं पारखून घेतलं होतं ना?

नानासाहेबांची एक सवय होती. काडतूस भरण्याआधी ते मला मागून उघडून नळीतून आभाळ बघायचे. उजेडाचा गोल दिसला की मगच भरायचे. त्यांची बायको आवडाबाई दसऱ्याला मला कुंकू लावायची, झेंडू वाहायची. एरवी वर्षभर माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही.

यंदा हरणांनी हद्द केली. कोवळा हरभरा फस्त, दुबार पेरला तर तोही फस्त. नानासाहेबांचं डोकं सटकलं. "आता हवेत नाय. समोरच घालतो." हे ऐकून मी कपाटात नुसती थरारले. गारखेड्यात नोकरीला असलेला मुलगा सुदर्शन फोनवर ओरडला, "नाना, हरीण मेलं तर सरळ जेल. ह्या वयात झेपंल का?" आवडाबाईनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कणीक मळता मळता ती उठली आणि कपाट उघडून तिनं मला कुंकू लावलं. दसरा नसताना कुंकू? मी हरखलेच. "माफ कर बाई," ती म्हणाली, आणि कणकेचा गोळा नळीत कोंबून पऱ्हाटीच्या काडीनं तिनं तो आत सारला. "आता गोळी निघायची नाय. माणूस बी घरी राहील."

अगं बाई, गोळी अडली तर नळीच फुटते, आणि नळीच्या मागं नानासाहेबांचा चेहरा असतो. हे तिला कोण सांगणार? मला तर तोंड असून नसल्यासारखं झालं, त्यातही कणीक.

तीन दिवसांत कणीक दगड झाली. चौथ्या दिवशी उजाडताना कळप आला. नानासाहेबांनी रागाच्या भरात काडतूस घातलं. आभाळ बघितलंच नाही. बांधावर बसून त्यांनी नेम धरला. समोर काळवीट, पिळदार शिंगांचं, मान वर करून उभं. चाळीस वर्षांची माझी हौस तिथं उभी होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, नाना, नका हो, नका.

घोड्यावर बोट आलं. तेवढ्यात माझ्यासमोर हिरवं लुगडं आलं.

"आवडे, सर बाजूला."

"नाय सरत. नळीत कणीक हाय. मी घातलीय."

ती धापा टाकत होती. मागून मेंढपाळ मल्हारी पळत आला. थोड्या वेळापूर्वी चहा देताना तिनंच त्याला मोठ्या कौतुकानं आपली युक्ती सांगितली होती, आणि त्याच्या हातातला कप खाली पडला होता. "नाना, बोट काढा आधी. फुटंल ती."

नानासाहेबांनी बोट काढलं. काडतूस काढून नळीतून आभाळ बघितलं. उजेड नव्हता. त्यांनी मला मांडीवर आडवं ठेवलं.

"एवढं भेव वाटत व्हतं तर सांगायचं नाय का?"

"चाळीस साल सांगतेय. ऐकलं कधी?"

हरणं तिकडं निवांत खात होती. शेवटी मल्हारीनं शीळ घातली, त्याची कुत्री सुटली, आणि कळप उड्या मारत पार झाला. "शेजारच्या पडीक रानात माझी मेंढरं बसवतो," तो म्हणाला. "कुत्री राखत्याल तुमचा हरभरा."

दुसऱ्याच दिवशी नानासाहेबांनी मला पोलीस ठाण्यात जमा केलं. हवालदारानं लिहून घेतलं, 'तीनशे पंधरा बोअर, नळी बंद.' साफ करून देऊ का म्हणाला, तर नानासाहेब म्हणाले, "राहू द्या."

आता मी इथं कपाटात असते, दस्त्याला चिठ्ठी बांधून. तुम्हाला एकच विनंती, कधी मला हातात घेतलंत तरी ती कणीक काढू नका. हरणासाठी मी चाळीस वर्षं उपाशी होते. त्या घरानं मला एवढा एकच घास दिला, आणि त्या घासामुळंच नानासाहेब आज जेलात नाहीत, घरी आहेत.