फाटकावरचं हसू

कारखान्याच्या फाटकावर काजवालीचा चेहरा दाराएवढा मोठा होऊन लागला होता, आणि तो चक्क हसत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शर्टांना काजं करून करून डोळे अधू झाले असतील, पण आपण कधी हसलो आणि कधी नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. फोटोच्या दिवशी शिवणखात्यातल्या सगळ्या बायकांनी ठरवलं होतं, कोणी दात दाखवायचे नाहीत. कारण त्याच आठवड्यात बिघडलेल्या प्रेसखाली इस्त्रीवालीचा हात भाजला होता, आणि चूक तिचीच असं म्हणून मालकाने तिला घरी बसवलं होतं. वर हा गृहस्थ जाहिरातीसाठी फोटो काढवून घेतो! काजवालीला पुढच्या रांगेत मालकाशेजारी उभं केलं, तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

आता फाटकावर मागच्या बायका पार पुसट झाल्या होत्या, ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफटक उजेडाचं सोनेरी ऊन झालं होतं, आणि मालकाला खेटून ही बया गालातल्या गालात हसत होती. नेमकी तेव्हाच इस्त्रीवाली आपला राहिलेला डबा न्यायला आली. तिने फोटो पाहिला, मग काजवालीकडे पाहिलं.

"बरं झालं बाई, तुला तरी हसू फुटलं," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून चालती झाली. रोज हिच्या डब्यात जेवणारी मैत्रीण!

काजवाली तडक स्टुडिओत गेली. तिथे कॉम्प्युटरवर फोटो सजवणारा तिचा सख्खा भाचा होता, म्हणून तर राग दुप्पट.

"हे काय शेण खाल्लंस रे?"

"चिडतेस काय मावशी? किती छान दिसतेस! मालक म्हणाले, पुढची बाई फार उग्र वाटते, जरा मूड आणा. मी रंग उबदार केले, डोळ्यांखालचं काळं काढलं, ओठांची टोकं एवढीशी वर घेतली. माउस सरकवायचा, झालं!"

"झालं? चारचौघींत माझी लाज काढलीस, आणि म्हणे छान!"

तिने इस्त्रीवालीचं सगळं सांगितलं. भाच्याचं तोंड एवढंसं झालं. "थांब, आत्ता खाली घेतो," म्हणत त्याने माउस ओढला. पडद्यावरचं हसू भराभर उतरलं, कपाळाला दोन आठ्याही पडल्या. म्हणजे रागाचीसुद्धा सोय होती!

"हा नको," काजवाली कडाडली. "हा तू केलेला राग आहे. मी केलेला कुठाय?"

"मालकांना कळलं तर त्यांच्याकडून मिळणारं माझं काम जाईल गं."

"तिचं गेलंच आहे," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. मावशी एकदा बसली की उठत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याने मुकाट्याने मूळ फोटो मोठा छापून दिला.

मेलेला उजेड, सुजलेले डोळे, आणि मागे एकूण एक बाई ओठ मिटून उभी. काजवालीने तो इस्त्रीवालीच्या घरी जाऊन तिच्या पुढ्यात पसरला.

"हे घे माझं खरं थोबाड. ते हसू माझ्या भाच्याने चिकटवलंय."

इस्त्रीवाली बँडेजातला हात मांडीवर घेऊन फोटोवर वाकली. "किती भयंकर दिसतेस गं," असं म्हणून तिने डोळे पुसले. मग उठून चपला पायात सरकवल्या.

"मला कशाला दाखवतेस? फाटकावर लावू, चल. वरची बाजू तू धर, माझा एकच हात चालतो."